सब-अ‍ॅपच्या पोटात सब-अ‍ॅप: रिक्वेस्ट नेमकी कुठे वाट चुकते

प्रश्न परभणीहून आलाय. मोंढ्यातल्या आडतदारांसाठी तुम्ही एक्सप्रेसवर (नोड या जावास्क्रिप्ट-प्रणालीवर वेब-सर्व्हर लिहायची चौकट) एक अ‍ॅप लिहिताय. सगळ्यात बाहेर मुख्य अ‍ॅप आहे, त्याने '/मोंढा/:गाव' या मार्गावर 'आडत' नावाचं सब-अ‍ॅप (त्या पत्त्याखालचं काम बघणारं आतलं अ‍ॅप; ':गाव'च्या जागी पत्त्यात खरं गाव येतं) बसवलंय, आणि आडतच्या पोटात '/पट्टी' या मार्गावर आणखी एक सब-अ‍ॅप आहे. शेतकऱ्याचा माल विकला, हमाली-तोलाई वजा झाली, की जी हिशोबपट्टी निघते ती दाखवायचं काम या पट्टीचं. आधी तुम्ही जँगोवर, म्हणजे पायथनमधल्या अशाच चौकटीवर, काम करत होता, एक्सप्रेसची चौथी आवृत्ती वापरताय, आणि तीन ठिकाणी अडलाय. पट्टीच्या हँडलरमध्ये (रिक्वेस्टला उत्तर देणाऱ्या फंक्शनमध्ये) 'गाव' रिकामं येतं. लॉगिन नसलेला माणूस पट्टीवर गेला की त्याला लॉगिनकडे पाठवायला हवं, तर तो भलत्याच पत्त्यावर जाऊन ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही', बघतो. आणि परवा मुख्य अ‍ॅपमध्ये '/मोंढा/:गाव/भाव' हे नवं पान जोडलंत, तेही ४०४, राउट (कुठल्या मार्गाला कोण उत्तर देणार हे सांगणारी ओळ) डोळ्यांसमोर लिहिलेला असताना.

तुम्ही या तीन वेगळ्या चुका म्हणून विचारल्या आहेत. मला मात्र तिन्हींचं मूळ एकच दिसतं. आतल्या अ‍ॅपला रिक्वेस्टचा पूर्ण मार्ग दिसतो असं आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात त्याला फक्त शेपूट दिसतं. हे एकदा नीट समजलं की तिन्हींची उत्तरं तुमची तुम्हालाच सापडतील, म्हणून आधी तेच सांगतो. वाचायला सोपं जावं म्हणून मार्ग मी देवनागरीत लिहितोय. कोडमध्ये ते रोमन अक्षरांतच ठेवा. ब्राउझर देवनागरी अक्षरं टक्क्याच्या खुणा लावून पाठवतो, 'प' या एका अक्षराची नऊ चिन्हं होतात, आणि एक्सप्रेस राउटमधला ठरावीक शब्द त्या न उलगडलेल्या मजकुराशीच ताडून बघतं. त्यामुळे देवनागरीत लिहिलेला राउट जुळतच नाही.

पिनकोड डोळ्यांसमोर आणा. लातूरचा ४१३५१२. पहिले तीन आकडे टपालाच्या वर्गीकरणाचा जिल्हा सांगतात, शेवटचे तीन वाटपाचं कार्यालय. थैली ४१३ मध्ये पोचली की तिथल्या माणसाला ४१३ कडे बघायचं कारण उरत नाही, त्याची नजर ५१२ वर. ती वर्गवारी करताना एवढं पुरेसं आहे. पण त्याच माणसाला उलट टपाली पत्र पाठवायचं झालं आणि त्याने पत्त्यात नुसतं ५१२ लिहिलं, तर ते पत्र कुठेच पोचणार नाही. एक्सप्रेसमध्ये सब-अ‍ॅप बसवणं म्हणजे हेच. आत येणाऱ्या रिक्वेस्टचा पुढचा तुकडा कापला जातो आणि उरलेलं आत जातं. आतून बाहेर जे काही जाईल, मग तो रीडायरेक्ट (ब्राउझरला दुसऱ्या पत्त्यावर पाठवणं) असो, पानावरची लिंक असो की फॉर्मचा पत्ता, त्यावर मात्र सगळा पिनकोड लागतो.

आता तुमचीच एक रिक्वेस्ट घेऊन तिच्यामागून चालू. ब्राउझरने मागितलं '/मोंढा/मानवत/पट्टी/४१७'. मुख्य अ‍ॅपमध्ये ती आली तेव्हा रिक्वेस्टवरचं 'यूआरएल' हे पूर्ण आहे आणि 'बेसयूआरएल' रिकामं. मुख्य अ‍ॅपला '/मोंढा/:गाव' जुळलं, आडतमध्ये रिक्वेस्ट शिरली. आता 'यूआरएल' झालं '/पट्टी/४१७' आणि कापलेला तुकडा, '/मोंढा/मानवत', जाऊन बसला 'बेसयूआरएल'मध्ये. आडतने तिला पट्टीकडे दिलं. तिथे 'यूआरएल' उरलं '/४१७' आणि 'बेसयूआरएल' वाढून झालं '/मोंढा/मानवत/पट्टी'. या सगळ्यात 'ओरिजिनलयूआरएल' मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत जसंच्या तसं राहतं. लिफाफ्यावरचा पत्ता तो, त्याला कोणी हात लावत नाही.

पट्टीने रिक्वेस्ट हाताळली नाही, म्हणजे तिच्याकडे जुळणारा राउट नव्हता किंवा तिने 'नेक्स्ट', म्हणजे 'पुढच्याने बघावं', म्हटलं, तर रिक्वेस्ट उलट पावली बाहेर येते आणि प्रत्येक पायरीला कापलेला तुकडा परत जोडला जातो. आडतमध्ये परत आल्यावर 'यूआरएल' पुन्हा '/पट्टी/४१७'. ही परतीची वाट ध्यानात ठेवा, तुमच्या तिसऱ्या तक्रारीचं उत्तर तिच्यातच आहे.

तीन ओळींचं एक मिडलवेअर, म्हणजे रिक्वेस्ट वाटेतच हाताळणारं फंक्शन, लिहा, जे हे तीन यूआरएल छापतं, आणि ते मुख्य अ‍ॅप, आडत आणि पट्टी या तिन्हींच्या डोक्यावर लावून एक रिक्वेस्ट सोडा. माझ्या हाताखाली नवीन मुलगा-मुलगी आली की पहिल्या दिवशी मी त्यांना हेच करायला लावतो. दहा मिनिटांत जे कळतं ते तासभर सांगूनही कळत नाही.

आता पहिली तक्रार, रिकामं 'गाव'. तुमची अपेक्षा जँगोमधून आली आहे. जँगोत एका यूआरएल यादीत दुसरी यादी समाविष्ट केली की बाहेरच्या मार्गात पकडलेली किंमत आतल्या व्ह्यूपर्यंत आपोआप पोचते. एक्सप्रेसमध्ये तसं होत नाही. प्रत्येक राउटर (मार्ग जुळवणारा भाग) 'पॅरॅम्स', म्हणजे मार्गातून पकडलेल्या किमती, आपल्यापुरते नव्याने भरतो. बाहेरच्याने पकडलेलं 'गाव' बाहेरच राहतं, आणि पट्टीच्या हातात फक्त तिने स्वतः पकडलेला क्रमांक असतो.

आडत आणि पट्टी हे तुम्ही राउटर म्हणून बनवले असते, म्हणजे 'एक्सप्रेस.राउटर' वापरून, तर बनवताना 'मर्जपॅरॅम्स' हा पर्याय खरा ठेवला की काम झालं असतं. मात्र तो प्रत्येक पायरीला द्यावा लागतो. आडतला दिला आणि पट्टीला विसरलात तर साखळी तिथेच तुटते. पण तुम्ही दोन्ही पूर्ण अ‍ॅप म्हणून बनवले आहेत, म्हणजे 'एक्सप्रेस' हे फंक्शन बोलावून. पूर्ण अ‍ॅपला 'मर्जपॅरॅम्स' देण्याची सोयच नाही. मग किंमत उंबरठ्यावरच उचलून घ्यावी लागते. 'अ‍ॅप.यूज'ला मार्गानंतर एकाहून जास्त हँडलर देता येतात. आडतच्या आधी एक छोटं फंक्शन द्या, त्यात 'रिक्वेस्ट.पॅरॅम्स.गाव' वाचून 'रिस्पॉन्स.लोकल्स.गाव' मध्ये ठेवा, आणि पुढे 'नेक्स्ट'. 'रिस्पॉन्स.लोकल्स' त्या एका रिक्वेस्टपुरतं असतं आणि सगळ्या पायऱ्यांना तेच दिसतं.

मला स्वतःला, 'मर्जपॅरॅम्स' उपलब्ध असलं तरी, हा उंबरठ्यावरचा मार्गच जास्त पटतो. कारण तिथे नुसतं गाव उचलायचं नसतं, ते तपासायचंही असतं. सेलूच्या आडतदाराने ब्राउझरमधल्या पत्त्यात 'सेलू' खोडून 'मानवत' लिहिलं तर त्याला मानवतच्या शेतकऱ्यांच्या पट्ट्या दिसता कामा नयेत. तपासणी एकाच दारावर असली की नंतर आत कितीही खोल्या वाढवा, प्रत्येक खोलीत ती पुन्हा लिहावी लागत नाही, आणि विसरायची भीती नाही. एक सावधगिरी मात्र हवी. तुम्ही 'अ‍ॅप.पॅरॅम' वापरून 'गाव'वर तपासणी लावली असेल, तर ती ज्या राउटरवर लावली त्याच्यापुरतीच चालते. आतल्या अ‍ॅपने स्वतःच्या मार्गात पुन्हा ':गाव' असं लिहिलं, तर त्या ठिकाणी बाहेरची तपासणी चालणार नाही. वारसा मिळत नाही तिचा.

आणि नावं वेगळी ठेवा. सगळीकडे 'आयडी' लिहायची सवय असते आपल्याला. बाहेर ':आयडी', आत ':आयडी', आणि 'मर्जपॅरॅम्स' चालू, की आतलं जिंकतं, बाहेरचं गुपचूप झाकलं जातं. कुठलीही चूक दाखवली जात नाही, फक्त चुकीच्या गावची पट्टी उघडते. म्हणून 'गावकोड', 'पट्टीक्रमांक' अशी पूर्ण नावं द्या.

दुसरी तक्रार रीडायरेक्टची, आणि हिच्यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण मी ती फार जवळून पाहिली आहे.

काही वर्षांपूर्वी एका जिनिंगवाल्यांसाठी आम्ही वजनकाट्याचं अ‍ॅप केलं होतं. कापसाची गाडी आली की भरलेलं वजन, रिकामी झाली की रिकामं वजन, आणि पावती. पहिल्या हंगामात ते अ‍ॅप स्वतंत्र चाललं, मुळापासूनच, '/लॉगिन', '/गाडी', '/पावती' असे मार्ग. पुढच्या हंगामात कंपनीने स्वतःचं मोठं पोर्टल केलं आणि आमचं अ‍ॅप त्यात '/काटा' या मार्गावर बसवलं. चाचणी झाली तेव्हा सगळे आधीच लॉगिन होते, त्यामुळे काही दिसलं नाही. नोव्हेंबरमध्ये, दिवाळी उरकून कापूस बाजारात यायला लागला तेव्हा, एके दिवशी सकाळी काट्यावरच्या मुलाचं सेशन संपलं. आमच्या कोडमध्ये लिहिलेलं होतं: लॉगिन नसेल तर '/लॉगिन' कडे पाठवा. एक्सप्रेसमध्ये तिरप्या रेषेने सुरू होणारा रीडायरेक्ट नेहमी साइटच्या मुळापासून मोजला जातो, बसवलेल्या जागेपासून नाही. त्यामुळे तो मुलगा पोर्टलच्या लॉगिनवर गेला. तिथलं सेशन चालूच होतं, म्हणून पोर्टलने त्याला लगेच त्याच्या नेमून दिलेल्या पानाकडे, म्हणजे '/काटा'कडे, परत पाठवलं. आमच्या अ‍ॅपने पुन्हा '/लॉगिन'कडे. ब्राउझर दोघांमध्ये फिरत राहिला आणि शेवटी थांबला. बाहेर रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर लागलेले, लोक पहाटेपासून गाडीवर बसून, आणि त्या मुलाच्या हातात काहीच नाही. त्याने वहीवर वजनं उतरवायला घेतली म्हणून निभावलं.

घाईत आम्ही कोडमध्ये '/लॉगिन'च्या जागी '/काटा/लॉगिन' लिहिलं. गाडी चालू झाली. जानेवारीत कंपनीने दुसऱ्या युनिटसाठी तेच अ‍ॅप '/काटा-दोन' वर बसवलं, आणि तिथला माणूस लॉगिन करून थेट पहिल्या युनिटच्या काट्यावर वजन नोंदवायला लागला. पावती पहिल्या युनिटच्या नावाने, कापूस दुसऱ्याच्या गोदामात. तो हिशोब जुळवायला दोन दिवस गेले. तेव्हापासून एक नियम मी सोडलेला नाही. आतल्या अ‍ॅपच्या कोडमध्ये ते कुठे बसवलंय याचा एक शब्दही लिहायचा नाही. तो पत्ता रिक्वेस्टलाच विचारायचा.

म्हणजे रीडायरेक्ट असा लिहा: 'रिक्वेस्ट.बेसयूआरएल' आणि त्याला जोडून '/लॉगिन'. आडतमध्ये हे लिहिलं तर मानवतच्या माणसाला '/मोंढा/मानवत/लॉगिन' मिळेल, सेलूच्या माणसाला '/मोंढा/सेलू/लॉगिन'. अ‍ॅपवर 'माउंटपाथ' आणि 'पाथ' अशीही दोन साधनं आहेत, ती इथे वापरू नका. ती तुम्हाला बसवताना लिहिलेला साचा देतात, '/मोंढा/:गाव', तोही शब्दशः, विसर्गासारख्या त्या खुणेसकट. शिवाय एकच अ‍ॅप दोन ठिकाणी बसवलं तर त्यांना शेवटची जागाच आठवते. 'बेसयूआरएल' मात्र या रिक्वेस्टमध्ये खरोखर काय जुळलं ते सांगतं.

इथे पोटातलं पोट असल्याने एक खाचखळगा आहे. लॉगिन तपासणारं मिडलवेअर तुम्ही पट्टीच्या आत लावलंय, असं तुमच्या वर्णनावरून दिसतं. तिथे 'बेसयूआरएल' आहे '/मोंढा/मानवत/पट्टी'. त्याला '/लॉगिन' जोडलं की पट्टीच्या आतलं लॉगिन शोधलं जाईल, जे नाही. म्हणून पहारा त्या पायरीवर ठेवा ज्या पायरीवर लॉगिनचं पान आहे, म्हणजे आडतमध्ये, पट्टी बसवण्याच्या ओळीच्या वर. पट्टीतून तो पत्ता लागणारच असेल, जसं 'बाहेर पडा' या लिंकसाठी लागतो, तर आडतच्या सुरुवातीला 'रिस्पॉन्स.लोकल्स.आडतमूळ' मध्ये 'बेसयूआरएल' ठेवून द्या. नाव नुसतं 'मूळ' ठेवू नका. पट्टीनेही 'मूळ' भरलं तर ते आडतच्या 'मूळ'वर चढेल, आणि रिक्वेस्ट बाहेर परतली तरी 'लोकल्स'मधली किंमत मागे फिरत नाही. मार्ग परत जोडला जातो, 'लोकल्स' नाही. टेम्प्लेटमधल्या प्रत्येक लिंकला आणि फॉर्मला हीच मुळं लावा.

आडतमध्ये ओळींचा क्रमही बघा. लॉगिनचा राउट आधी, पहारा नंतर, पट्टी त्यानंतर. पहारा लॉगिनच्या वर गेला तर लॉगिनचं पान उघडायलाच लॉगिन लागेल, आणि ब्राउझर पुन्हा गरगरेल. लॉगिननंतर माणसाला मूळ पानावर परत न्यायचं असेल तर सेशनमध्ये 'ओरिजिनलयूआरएल' ठेवा, 'यूआरएल' ठेवलंत तर '/४१७' एवढंच हाती उरेल. ते वापरण्याआधी एकाच तिरप्या रेषेने सुरू होतंय ना ते तपासा. दोन तिरप्या रेषा असतील तर ब्राउझर ते दुसऱ्या साइटचं नाव समजतो, आणि कोणी फसवी लिंक पाठवून तुमच्या आडतदाराला परक्या पानावर नेऊ शकतो.

तुमचं अ‍ॅप एन्जिन-एक्सच्या, म्हणजे रिक्वेस्ट आधी घेऊन पुढे देणाऱ्या सर्व्हरच्या, मागे असेल तर आणखी एक गोष्ट. तिथे 'प्रॉक्सी पास'च्या पत्त्याच्या शेवटी एक तिरपी रेषा लिहिली की 'लोकेशन'शी जुळलेला तुकडा एन्जिन-एक्स कापून त्याजागी ती रेषा ठेवतो. हे कापणं नोडच्या बाहेर झालं, एक्सप्रेसला त्याचा पत्ताच नाही, त्यामुळे 'बेसयूआरएल'मध्ये तो तुकडा येत नाही आणि तुमचे सगळे रीडायरेक्ट पुन्हा अर्धवट. मी सरळ ती रेषा काढतो, मार्ग पूर्ण आत येऊ देतो, आणि एक्सप्रेसमध्ये अ‍ॅप त्याच मार्गावर बसवतो. कापायचं काम एकाच ठिकाणी असलं म्हणजे शोधायलाही एकच ठिकाण.

तिसरी तक्रार, 'भाव'चं पान. आडतच्या शेवटी तुम्ही 'पान सापडलं नाही' असं उत्तर देणारं मिडलवेअर लावलंय, तुम्ही पाठवलेल्या तुकड्यात ते दिसतं. आता रिक्वेस्टची वाट बघा. '/मोंढा/मानवत/भाव' आलं. मुख्य अ‍ॅप वरून खाली बघतं, पहिल्यांदा लागतं '/मोंढा/:गाव', जुळलं, आडतमध्ये गेलं. आडतला '/भाव' माहीत नाही. खरं तर इथून रिक्वेस्टने उलट पावली बाहेर यायचं, आणि मुख्य अ‍ॅपने पुढची ओळ, तुमचा 'भाव'चा राउट, बघायचा. पण आडतच्या दारातच ४०४वाला उभा आहे. त्याने उत्तर देऊन टाकलं, विषय संपला.

दुरुस्ती दोन प्रकारे होते. 'भाव'ची ओळ आडत बसवण्याच्या वर न्या, किंवा आडतमधला ४०४ काढून फक्त मुख्य अ‍ॅपच्या अगदी तळाशी ठेवा. कोणती योग्य, हे '/मोंढा/:गाव'खालची सगळी जागा आडतची आहे का, यावर अवलंबून आहे. पूर्ण जागा तिचीच असेल, तिचं वेगळं रूप, वेगळी भाषा असेल, तर तिचा स्वतःचा ४०४ असायला हरकत नाही, आणि मग 'भाव'ही तिच्यातच राहायला हवा. तुमच्या बाबतीत भाव हे सगळ्यांसाठी उघडं पान आहे, शेतकरी लॉगिन न करता बघणार, त्यामुळे ते बाहेर हवं, आडत बसवण्याच्या ओळीच्या वर, नाहीतर आडतमध्ये आणलेला पहारा शेतकऱ्यालाही लॉगिनकडे पाठवेल. आणि ४०४ एकच, तळाशी. जुळणी तुकड्याच्या हद्दीवर होते, हेही सांगून ठेवतो. '/पट्टी'वर बसवलेलं अ‍ॅप '/पट्टीयादी'ला हात लावत नाही, तेवढी काळजी नको.

चुका हाताळणाऱ्या फंक्शनची वाटही अशीच, आतून बाहेर. पट्टीत चूक झाली आणि तिथे चार आर्ग्युमेंटचा हँडलर नसेल तर ती आडतकडे जाते, तिथून मुख्य अ‍ॅपकडे. चारच हवेत, तीन लिहिले तर एक्सप्रेस त्याला साधं मिडलवेअर समजतं. चौथ्या आवृत्तीत अ‍ॅसिंक फंक्शनमध्ये फेकलेली चूक या वाटेला लागतच नाही, रिक्वेस्टला उत्तरच जात नाही, म्हणून ती पकडून 'नेक्स्ट'कडे स्वतः द्यावी लागते. २०२४ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीत हे आपोआप होतं. नवं काम असेल तर पाचवीच घ्या, फक्त नोड १८ किंवा त्यापुढचा लागतो आणि राउटमधल्या नुसत्या तारांकनाला आता नाव द्यावं लागतं.

आता तुम्ही न विचारलेला, पण मला महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. हे दोन्ही पूर्ण अ‍ॅप असायला हवेत का? २०१४ मध्ये चौथ्या आवृत्तीबरोबर स्वतंत्र राउटर आला, आणि तेव्हापासून दहातल्या नऊ वेळा मी राउटरच वापरतो. पूर्ण अ‍ॅपला स्वतःच्या सेटिंग्ज असतात, आणि त्या बाहेरच्याकडून कशा मिळतात याचा नियम सरळ नाही. ज्या सेटिंगला मुळात काही ठरलेली किंमत नाही, जसं 'व्ह्यू इंजिन', ती बाहेरून आत येते. ज्यांना ठरलेली किंमत आहे, जसं 'व्ह्यूज' हे फोल्डर, ती आत येत नाही, आतल्या अ‍ॅपने पुन्हा सांगायची. याला अपवाद 'ट्रस्ट प्रॉक्सी', ती ठरलेली किंमत असूनही येते. याचा एक परिणाम सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही: मुख्य अ‍ॅपमध्ये 'एक्स-पॉवर्ड-बाय' (उत्तरावर एक्सप्रेसचं नाव सांगणारं हेडर) बंद केलंत तरी आडतमधून जाणाऱ्या उत्तरावर ते पुन्हा चिकटतं, कारण आडतचं स्वतःचं चालूच आहे. सुरक्षा तपासणीच्या अहवालात ही ओळ आली की लोक बंद केलेली सेटिंग पुन्हा पुन्हा बघत बसतात.

आडतचं टेम्प्लेट फोल्डर वेगळं असेल, ती दुसरी टीम लिहीत असेल, किंवा उद्या ती उचलून स्वतंत्र सर्व्हरवर न्यायची असेल, तर तिला पूर्ण अ‍ॅप ठेवा. पट्टीच्या बाबतीत यातलं काहीच दिसत नाही. तिला राउटर करा, 'मर्जपॅरॅम्स' द्या. त्यानेही तिच्यापर्यंत गाव येणार नाही, कारण ते पलीकडच्या पूर्ण अ‍ॅपच्या हद्दीत पकडलं गेलंय, ते 'लोकल्स'मधूनच घ्यायचं. पण उद्या आडतमध्ये ':दुकान' आलं तर ते तिला थेट मिळेल.

नोंदवहीचंही बघा. मुख्य अ‍ॅपच्या डोक्यावर तुम्ही स्वतः लिहिलेला लॉगर आहे, जो उत्तर गेल्यावर 'यूआरएल' छापतो. उत्तर पट्टीच्या आतून गेलं तर त्या क्षणी 'यूआरएल' कापलेलंच असतं, आणि नोंदीत नुसतं '/४१७' येतं. रात्री कुणाचा फोन आला आणि नोंदीत '/४१७', '/४१८', '/१२' एवढंच दिसलं, तर कुठल्या गावची, पट्टी की पावती, काही कळत नाही. तिथे 'ओरिजिनलयूआरएल' छापा.

आजच्या आज करायचं काम असं. उंबरठ्यावर गाव उचला आणि तपासा, पहारा पट्टीतून आडतमध्ये आणा, 'भाव'ची ओळ आडत बसवण्याच्या वर न्या, आडतचा ४०४ काढा. मग एक चाचणी लिहा: एक रिकामं एक्सप्रेस अ‍ॅप बनवा, त्यात आडत दोन जागी बसवा, '/मोंढा/:गाव' वर आणि तुमच्या कोडमध्ये कुठेच नसलेल्या एखाद्या मार्गावर, समजा '/तात्पुरतं/:गाव' वर. दोन्हीकडून लॉगिन न करता पट्टी मागा आणि रीडायरेक्टचा पत्ता बघा. मग लॉगिन करून पानावरच्या सगळ्या लिंका गोळा करा. दुसऱ्या जागेवरून मागितलेल्या पानावर '/मोंढा' हा शब्द एकदाही दिसला, तर तिथे कुणीतरी पत्ता हाताने लिहिलाय. वजनकाट्याच्या अ‍ॅपला ही चाचणी आम्ही नंतर लावली, तेव्हा सात जागा सापडल्या होत्या, त्यातल्या दोन पावतीच्या छपाईच्या पानात होत्या, जिथे बघायचं कोणाच्याच मनात आलं नव्हतं. एवढं करूनही पट्टीत गाव रिकामंच आलं, तर मुख्य अ‍ॅपमधल्या 'यूज'च्या ओळी ज्या क्रमाने लिहिल्यात त्या क्रमाने पाठवा, मी बघतो.